पांढऱ्या ठिपक्यांचा रोग : प्रवाळ-मत्स्यालयातील एक परजीवी

समुद्राचा एक लहानसा तुकडा काचेच्या चार भिंतींत उभा करावा आणि तो घरात बसून न्याहाळावा, ही हौस फार जुनी नाही. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे पाळण्याची प्रथा चीन आणि जपानमध्ये कित्येक शतके चालत आली आहे. परंतु खाऱ्या पाण्यातील मासे, आणि त्यांच्या जोडीने जिवंत प्रवाळ, घरातील टाकीत टिकवून ठेवणे ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ अशक्यच समजली जात असे. १९५१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या सार्वजनिक संस्थेला समुद्र दाराशीच होता. घरगुती टाकीला तो लाभ कोठून मिळणार? इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा या विचाराला वेगळे वळण मिळाले. समुद्रातून आणलेले सजीव खडक टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडून पाणी हलते ठेवायचे आणि पाणी शुद्ध राखण्याचे काम त्या खडकांत वसलेल्या असंख्य सूक्ष्म जीवांवर सोपवायचे, असे या पद्धतीचे सार होते. आजचे प्रवाळ-मत्स्यालय कितीही यंत्रसज्ज झालेले असले तरी त्याचा पाया हाच आहे.

अशा टाकीत केवळ मासे नसतात. प्रवाळ, समुद्रफुले, कोळंबी, गोगलगायी, स्पंज, नाना प्रकारचे कृमी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असा एक सबंध समाजच तेथे नांदत असतो. या समाजाचे सौंदर्य त्याच्या परस्परावलंबनात आहे आणि त्याची दुर्बलताही त्यातच आहे. त्यातील एका घटकाला रोग झाला तर त्याला दिलेले औषध उरलेल्यांनाही प्यावे लागते. ही अडचण किती कठीण असते, हे माशांच्या एका अतिशय सामान्य रोगावरून चांगले समजून घेता येते.

रोगाची ओळख

एखाद्या सकाळी माशाच्या परांवर मीठ भुरभुरावे तसे पाच-दहा पांढरे कण दिसतात. मासा खडकावर अंग घासतो, एकाएकी झटका देऊन वळतो, त्याचे कल्ले नेहमीपेक्षा जलद हलू लागतात. दोन दिवसांनी त्याचा आहार मंदावतो. या रोगाला सागरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असे म्हणतात. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७-३८ च्या सुमारास या रोगाचे वर्णन केले होते. पुढे १९५१ साली ब्राउन यांनी त्याला कारण असलेल्या जीवाला क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स हे नाव दिले. या नावाच्या पहिल्या पदाचा अर्थ ‘ज्याचे केंद्रक लपलेले आहे तो’ असा होतो. ते नाव किती समर्पक आहे हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल, कारण या जीवाचे केवळ केंद्रकच नव्हे, तर त्याच्या आयुष्याचा मोठा भागही दृष्टीआड असतो.

हा एकपेशीय आदिजीव आहे. त्याच्या सर्वांगावर अतिसूक्ष्म केसांसारखी लव असते आणि तिच्या हालचालीने तो फिरतो. गोड्या पाण्यातील माशांनाही असाच पांढऱ्या ठिपक्यांचा एक रोग होतो आणि दोघांचे जीवनक्रम वरवर इतके सारखे आहेत की दीर्घकाळ हे दोन्ही जीव जवळचे आप्त मानले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून मात्र ते परस्परांपासून दूरचे असल्याचे स्पष्ट झाले. एकाच प्रकारच्या निर्वाहासाठी दोन वेगळ्या कुळांनी स्वतंत्रपणे सारखीच जीवनपद्धती स्वीकारल्याचे हे एक उदाहरण आहे. ही बाब व्यवहारातही महत्त्वाची आहे. गोड्या पाण्यातील रोगावर गुणकारी ठरलेला प्रत्येक उपाय येथे चालेलच असे नाही.

एका जीवाच्या चार अवस्था

या परजीवीचा बंदोबस्त करायचा तर त्याचे आयुष्य आधी नीट पाहिले पाहिजे. ते चार अवस्थांत विभागलेले असते.

पहिली अवस्था माशाच्या अंगावरची. तिला ट्रोफाँट असे म्हणतात. परजीवी माशाच्या त्वचेवर नव्हे, तर त्वचेच्या वरच्या थराखाली आणि कल्ल्यांच्या नाजूक आवरणाखाली शिरून बसतो. तेथील पेशी व द्रव यांवर तो वाढतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पोहोचला म्हणजे पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने दिसू लागतो. हा मुक्काम सामान्यतः तीन ते सात दिवसांचा असतो.

दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे प्रोटोमाँटच्या रूपात, पूर्ण वाढ झालेला परजीवी मासा सोडून बाहेर पडतो. ही घटना बहुधा अंधारात घडते. बाहेर पडलेला जीव तळावर काही तास सरपटत फिरतो आणि वाळूच्या कणाला, खडकाला, काचेला किंवा शंखाला चिकटतो.

तेथे तो स्वतःभोवती एक चिवट कवच तयार करतो. ही तिसरी अवस्था; तिचे नाव टोमाँट. कवचाच्या आत त्याचे पुनःपुन्हा विभाजन होते आणि एकाचे सुमारे दोनशेपर्यंत जीव होऊ शकतात. बहुतेक कवचे आठवडाभराच्या आसपास फुटतात. परंतु सगळीच एका वेळी फुटत नाहीत. प्रयोगशाळेतील निरीक्षणांत काही कवचे तिसऱ्या दिवशी, तर काही थेट बहात्तराव्या दिवशी उघडल्याचे आढळले आहे. या रोगाची सर्व गुंतागुंत या एका आकड्यात साठलेली आहे.

चौथी अवस्था थेराँटची. कवच फोडून बाहेर आलेले हे सूक्ष्म, चपळ जीव पाण्यात पोहत माशाचा शोध घेतात. त्यांना स्वतःचा आहार मिळवता येत नाही. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात, आणि माशात शिरण्याची त्यांची शक्ती तर पहिल्या काही तासांनंतरच झपाट्याने घटू लागते.

उघड्या समुद्रात हा सारा व्यवहार परजीवीला फारसा किफायतशीर नसतो. दोनशे थेराँट अथांग पाण्यात विखुरतात, ज्या माशापासून त्यांचा उगम झाला तो मासा तोपर्यंत कोठल्या कोठे निघून गेलेला असतो, आणि बहुतेकांचा अंत आश्रयाविनाच होतो. चारशे लिटरच्या टाकीत मात्र माशाला पळायला जागाच नसते. रात्री तो ज्या कपारीत निजतो त्याच कपारीच्या तळाशी कवचे चिकटलेली असतात आणि अंधारातच ती फुटतात. समजा, दोनशेंपैकी केवळ वीस जीवांना मासा सापडला. तरी एका फेरीत एकाचे वीस आणि दुसऱ्या फेरीत वीसाचे चारशे होतात. निसर्गात दुबळा असलेला शत्रू बंदिस्त जागेत असा प्रबळ होतो.

फसवा आराम

वरील जीवनक्रम ध्यानात घेतला म्हणजे या रोगाचे सर्वांत घातक लक्षण कोणते ते कळते. ठिपके दिसणे हे ते लक्षण नव्हे, तर ठिपके नाहीसे होणे हे होय.

पहिल्या लागणीत मोजके ठिपके उठतात आणि चार-पाच दिवसांत आपोआप जातात. मालकाने त्या काळात जे काही केले असेल, म्हणजे कोणी आहारात लसूण घातलेला असतो, कोणी बाजारातले एखादे द्रावण ओतलेले असते, त्या सर्वांना या आरामाचे श्रेय मिळते. वस्तुतः मासा बरा झालेला नसतो. परजीवी जेवण आटोपून उठलेला असतो एवढेच. आठवडाभराने तो शेकडोंच्या संख्येने परततो. या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत कल्ले भरून जातात, श्वसन आणि शरीरातील क्षारांचा समतोल बिघडतो, त्वचेवरील जखमांत जिवाणू शिरतात आणि मासे मरू लागतात. कित्येकदा कल्ले आधी ग्रासले जातात आणि अंगावर ठिपका दिसण्यापूर्वीच मासा दगावतो.

याच्या उलट, जो मासा लागणीतून वाचतो त्याला काही महिने टिकणारी अंशतः प्रतिकारशक्ती लाभते. हीसुद्धा फसगतच ठरू शकते. अशा माशाच्या कल्ल्यांत थोडेफार परजीवी न दिसता नांदत राहतात. मालक महिनोन्‌महिने निर्धास्त असतो. मग तो एक नवा मासा आणतो. आठवडाभरात तो पांढऱ्या ठिपक्यांनी भरून मरतो आणि दोष विकणाऱ्याला दिला जातो. पुष्कळ वेळा रोग नव्या माशाबरोबर आलेला नसतो. तो टाकीत त्याची वाट पाहत असतो.

औषध आणि प्रवाळ

या आदिजीवावर औषध नाही असे नाही. तांब्याचे क्षार सागरी माशांच्या परजीवींवर फार पूर्वीपासून वापरले जात आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील डेम्पस्टर यांनी १९५५ साली, अशाच दुसऱ्या एका परजीवीवर मोरचुदाचा उपयोग कसा होतो याची माहिती प्रसिद्ध केली होती. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात दर लिटर पाण्यात सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे तीन ते सहा आठवडे सतत राखले तर पोहत्या थेराँटचा नाश होतो. शंभर लिटर पाण्याला हे प्रमाण केवळ वीस मिलिग्रॅम तांब्याचे, म्हणजे साधारण ऐंशी मिलिग्रॅम मोरचुदाचे भरते. यापेक्षा कमी झाले तर परजीवी वाचतो आणि बरेच अधिक झाले तर मासा मरतो. म्हणून पाण्याची तपासणी रोज, आणि शक्य तर दिवसातून दोनदा, करावी लागते. येथे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. त्वचेखाली दडलेल्या ट्रोफाँटवर आणि कवचातल्या टोमाँटवर या औषधाचा प्रभाव पडत नाही. ते मारते फक्त वाटेवरच्या प्रवाशाला. म्हणूनच ते आठवडेच्या आठवडे चालू ठेवावे लागते.

परंतु हेच तांबे प्रवाळ, समुद्रफुले, कोळंबी आणि गोगलगायी यांना विषासमान आहे. शिवाय प्रवाळ-टाकीतील खडक व वाळू चुनखडीची असल्याने ती तांबे शोषून घेतात; औषधाचे प्रमाण स्थिर राहत नाही आणि नंतर पाणी कितीही बदलले तरी विषाची शंका उरतेच.

दुसरा उपाय पाण्याची लवणता उतरविण्याचा. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. ते हळूहळू पंधरा-सोळा ग्रॅमपर्यंत किंवा त्याहून थोडे खाली आणून तीन ते चार आठवडे ठेवले तर बहुतेक हाडांच्या माशांना ते सोसते आणि परजीवीचे चक्र खंडित होते. मात्र कमी लवणतेतही तगून राहणारे काही वाण आढळले आहेत. प्रवाळांना आणि तारामाशांना मात्र ही लवणता मुळीच सोसत नाही. तात्पर्य, जे जे परजीवीला मारते ते ते प्रवाळाच्या घरात वापरता येत नाही. ‘प्रवाळांना सुरक्षित’ असे लिहून विकल्या जाणाऱ्या द्रावणांविषयी सावध राहावे ते याच कारणाने.

मासे बाहेर, टाकी रिकामी

मग उपाय कोणता? तो परजीवीच्याच जीवनक्रमात दडलेला आहे. थेराँटला मासा हवा. प्रवाळ, कोळंबी किंवा गोगलगाय यांच्यावर त्याचा निर्वाह होत नाही. म्हणून सर्व मासे टाकीतून काढून घ्यावेत आणि टाकी माशांविना ठेवावी. कवचे यथाकाल फुटतील, त्यांतून जीव बाहेर पडतील आणि आश्रय न मिळाल्याने मरतील. येथे विषाची आवश्यकताच राहत नाही. उपासमार पुरेशी होते.

‘सर्व मासे’ या शब्दांवर भर दिला पाहिजे. ज्या माशावर ठिपका नाही तोही बाहेर काढावा लागतो. एक निरोगी दिसणारा मासा मागे राहिला तरी चक्र चालू राहते. प्रवाळांची रचना न मोडता सर्व मासे पकडणे हे कष्टाचे काम आहे, आणि बरेच जण याच पायरीशी थबकतात. काही वेळा खडक एकेक करून उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

टाकी किती दिवस रिकामी ठेवावी? सहा आठवडे ही किमान मुदत सर्वसाधारणपणे मानली जाते. परंतु बहात्तराव्या दिवशी फुटणाऱ्या कवचाचा विचार केला तर अकरा आठवडे थांबणे शहाणपणाचे. पाणी सत्तावीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्यास कवचे रेंगाळत नाहीत. या काळात प्रवाळांचा उजेड, पाण्याचा प्रवाह आणि क्षारांचे प्रमाण नेहमीप्रमाणेच राखावे. खडकांतील जिवाणूंची उपासमार होऊ नये म्हणून अधूनमधून चिमूटभर आहार टाकावा. नंतर मासे परत सोडताना सर्व एकदम न सोडता थोडे थोडे सोडावेत.

बाहेर काढलेल्या माशांसाठी साधी टाकी पुरते. तिच्यात वाळू किंवा खडक नसावेत. लपण्यासाठी प्लास्टिकच्या नळीचे तुकडे ठेवावेत. अशा टाकीत माशांच्या मलमूत्रातून तयार होणारा अमोनिया लवकर साठतो, म्हणून पाणी वरचेवर बदलावे. त्यात तांब्याचा किंवा कमी लवणतेचा उपचार करता येतो.

औषधाशिवायचा एक मार्गही आहे. लाल समुद्राच्या किनाऱ्यावरील एलात येथे या परजीवीचा दीर्घकाळ अभ्यास करणारे कोलोर्नी यांनी १९८७ साली तो मांडला. तो असा. माशांना दर तीन दिवसांनी पूर्णपणे स्वच्छ व कोरड्या केलेल्या टाकीत, नव्या पाण्यात हलवायचे. असे चार वेळा करायचे. मासा सोडून तळाशी गेलेल्या परजीवीचे कवच तीन दिवसांच्या आत फुटत नाही. ते फुटेपर्यंत मासे दुसरीकडे पोहोचलेले असतात. परजीवीचा माशावरील मुक्काम सामान्यतः सात दिवसांहून अधिक नसल्याने बारा दिवसांच्या अखेरीस अंगावर एकही परजीवी राहत नाही. मागे राहिलेली टाकी घासून, धुऊन, कडकडीत वाळवली की तेथील कवचेही नष्ट होतात. मात्र जाळी, नळी, बादली यांतील कोणतीही वस्तू जुन्या टाकीतून नव्या टाकीत ओली जाता कामा नये. पाण्याचा एक थेंबही सारे श्रम वाया घालवू शकतो.

काही प्रचलित समजुती

या रोगाच्या संदर्भात काही उपाय वारंवार सुचविले जातात. पाण्याचे तापमान वाढविल्याने परजीवीचे चक्र केवळ वेगाने फिरते. उलट प्रवाळांना अधिक उष्णता बाधते. माशांच्या अंगावरील कीड टिपणारी कोळंबी आणि लहान सफाई करणारे मासे यांचा येथे विशेष उपयोग होत नाही, कारण परजीवी त्वचेच्या आत असतो, त्यांच्या पकडीच्या पलीकडे. अतिनील किरणांचा दिवा त्याच्या जवळून वाहणाऱ्या पाण्यातील थेराँट मारतो आणि त्यामुळे लागणीचा जोर कमी होतो. परंतु तळाच्या कवचातून निघून शेजारच्याच माशात शिरणारा थेराँट त्या दिव्यापर्यंत पोहोचतच नाही. हे उपाय रोग लांबवतील, निपटून काढणार नाहीत.

रोगाची ओळख पटवितानाही घाई करू नये. ठिपके मिठाच्या कणांऐवजी बारीक पिठासारखे, सोनेरी-करड्या झाकेचे असतील आणि मासे एक-दोन दिवसांत धापा टाकू लागतील, तर तो दुसऱ्याच एका परजीवीचा, मखमली रोग या नावाने ओळखला जाणारा, अधिक शीघ्रगती रोग असण्याचा संभव असतो. तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो.

उंबरठ्यावरची दक्षता

इतके श्रम टाळण्याचा मार्ग एकच आहे. रोगाला उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये. प्रत्येक नवा मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे वेगळा ठेवावा. पुष्कळ जण माशांच्या बाबतीत हा नियम पाळतात, पण प्रवाळ, खडक किंवा गोगलगाय आणली की ती थेट टाकीत ठेवतात. कवच दगडालाही चिकटते आणि शंखालाही, याचा त्यांना विसर पडतो. अशा वस्तूही माशांविना असलेल्या वेगळ्या पाण्यात तितकाच दीर्घ काळ ठेवणे योग्य.

या दक्षतेमागे केवळ पैशाचा हिशेब नाही. मत्स्यालयांतील सागरी मासे आजही मोठ्या प्रमाणावर प्रवाळभित्तींवरूनच पकडून आणले जातात. विदूषक माशासारख्या काही जातींचे प्रजनन बंदिस्त स्थितीत साधले आहे आणि भारतातील केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनेही त्या दिशेने काम केले आहे. परंतु अशा जाती अद्याप मोजक्याच आहेत. प्रवाळांची स्थिती तर अधिक नाजूक. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथील प्रवाळभित्तींना वाढत्या तापमानाचा फटका बसलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाल्यापासून भारताच्या समुद्रातून ते काढणे हा गुन्हा आहे. निष्काळजीपणाने मेलेल्या प्रत्येक माशाच्या जागी आणखी एक मासा कोणत्या तरी भित्तीवरून उचलला जातो. ज्याने समुद्राचा अंश आपल्या घरी आणला त्याने ही जबाबदारीही त्याबरोबरच घरी आणलेली असते.

अकरा आठवडे रिकाम्या टाकीपुढे बसणे कोणालाही जड जाते. मासे नसलेली ती टाकी निर्जीव वाटते. परंतु त्या काळात तिच्याकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला एरवी माशांच्या झगमगाटात न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी दिसू लागतात. रात्री उमलणारी प्रवाळांची तोंडे, कपारीतून बाहेर येणारे कृमी, काचेवर मंद गतीने चरणाऱ्या गोगलगायी, हे सारे जीवन चालूच असते. दरम्यान तळाशी चिकटलेली शेवटची कवचे फुटत असतात आणि त्यांतून निघालेल्यांना आश्रय मिळत नसतो. मासे परत आणण्याची वेळ त्यानंतरची.